घेतलेला माल आणि अनुशय

‘एकदा विकलेला माल कोणत्याही सबबीवर परत घेतला जाणार नाही’ ही पाटी माझ्या पिढीने अक्षरओळख होताच वाचलेल्या पहिल्या दोन-चार पाट्यांपैकी एक होय. ‘आज रोख, उद्या उधार’ ही तिची धाकटी बहीण. वाण्याच्या दुकानात गणपतीच्या तसबिरीखाली दोघी शेजारी शेजारी टांगलेल्या असत, आणि तसबिरीच्या सान्निध्यामुळे म्हणा किंवा उदबत्तीच्या धुरामुळे म्हणा, त्या अगदी वेदकालापासून चालत आल्या असाव्यात असे वाटे. पुष्कळ वर्षांनी भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे मराठी सारांशरूप भाषांतर वाचनात आले, तेव्हा मौज वाटली ती अशी की, आपल्या जुन्या स्मृतिकारांना ही पाटी मुळीच मान्य झाली नसती.

मनूने दाव्यांची, म्हणजे त्याच्या भाषेत व्यवहाराची, अठरा पदे सांगितली आहेत. त्यांत कर्ज आहे, ठेव आहे, शिवेचे भांडण आहे, आणि ‘क्रयविक्रयानुशय’ नावाचे एक स्वतंत्र पद आहे. अनुशय म्हणजे मागाहून होणारा पस्तावा. वस्तू घेतल्यावर किंवा विकल्यावर ज्याला पस्तावा झाला त्याने दहा दिवसांच्या आत ती परत करावी किंवा परत घ्यावी, असे मनू सांगतो. नारदाचा हिशेब अधिक काटेकोर आहे. घेतल्या दिवशीच, वस्तू बिघडवली नसेल तर, ती तशीच परत करता येते. दुसऱ्या दिवशी परत केली तर किमतीचा तिसावा हिस्सा बुडतो. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यापुढे माल घेणाऱ्याचा. कौटिल्य तर माणूस पाहून मुदत देतो. व्यापाऱ्याला पस्ताव्यासाठी एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुरे राखणाऱ्याला पाच. कारण तो सांगत नाही, परंतु मला वाटते ते असे की, व्यापाऱ्याची नजर मालावर बसलेली असते, त्याला एका रात्रीत कळले पाहिजे. शेतकऱ्याला घरी जाऊन चार माणसांना दाखवावे लागते. आणि गुराख्याला तर बाजारातून परत रानात पोचायलाच दोन दिवस लागतात. ऑनलाइन दुकानांच्या सात किंवा दहा दिवसांच्या मुदतीला आपण आधुनिक सोय म्हणतो. त्या सोयीला दोन हजार वर्षांची वंशावळ आहे.

याज्ञवल्क्याने वस्तू पाहून मुदती दिल्या आहेत. बियाणे दहा दिवस पारखावे, लोखंड एक दिवस, ओझ्याचे जनावर पाच दिवस, रत्न सात, दुभते जनावर तीन. येथवर सारे शहाणपणाचे आहे. पण त्याच श्लोकात, त्याच दमात, पुढे दासी एक महिना आणि दास पंधरा दिवस. मी पुस्तक खाली ठेवले. माणसाची पारख व्हायला बैलापेक्षा अधिक काळ लागतो, हे त्या ऋषीने ओळखले होते. आणि तरीही माणूस परत करावयाच्या मालाच्या यादीत घालताना त्याची लेखणी अडखळली नव्हती.

हा श्लोक माझ्या डोक्यात रुतून बसला, त्याचे कारण आमच्या आचोळ्यातील इमारतीच्या फाटकापाशी बसते. आमचा राखणदार नेपाळी आहे. सारी इमारत त्याला बहादूर म्हणते, मुले गुरखा म्हणतात. नालासोपाऱ्यापासून विरारपर्यंत शेकडो फाटकांवर अशी माणसे आहेत आणि सगळ्यांची नावे आम्ही ही दोनच ठेवली आहेत. त्यालाही इतिहास आहे. नेपाळशी झालेल्या लढाईत इंग्रजांनी या लोकांचा पराक्रम पाहिला आणि १८१५ साली त्यांच्या पलटणी उभ्या केल्या. त्याच सुमारास काही जण रणजितसिंहाच्या फौजेत चाकरीसाठी लाहोरला गेले, म्हणून परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाला नेपाळात अजूनही ‘लाहुरे’ म्हणतात. पुढे १९५० च्या भारत-नेपाळ तहाने एकमेकांच्या मुलखात राहण्याची, व्यवसाय करण्याची मोकळीक दिली. पलटणीतला गुरखा शहरातल्या फाटकावर आला. पण आमच्या राखणदाराला मी एकदा त्याचे गाव विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, हम पहाडी नहीं, थारू हैं. कैलाली के.” थारू म्हणजे नेपाळच्या तराईतले, सपाट मुलखातले मूळ रहिवासी. गुरखा या शब्दाशी त्यांचा तसा काही संबंध नाही.

जंगबहादूर राणाच्या काळात, १८५४ साली, नेपाळात ‘मुलुकी ऐन’ नावाची कायद्याची संहिता झाली. तिने साऱ्या जातींची उतरंड लावली आणि काही जाती ‘मासिन्या’, म्हणजे गुलाम करता येण्याजोग्या, ठरवल्या. त्यांत थारू होते. नोव्हेंबर १९२४ मध्ये राणा चंद्रशमशेर याने काठमांडूत दास्यमुक्तीचे जाहीर आवाहन केले. त्यानंतर पन्नास हजारांहून अधिक दास मुक्त झाले. मालकांना सरकारी तिजोरीतून मोबदला मिळाला. मुक्त झालेल्यांपैकी काहींना वसवले त्या ठिकाणाचे नाव अमलेखगंज. ‘अमलेख’ म्हणजे मुक्त. याज्ञवल्क्याच्या यादीतले शेवटचे दोन जिन्नस नेपाळच्या बाजारातून असे कागदोपत्री उतरले.

कागदोपत्री म्हणतो, कारण थारूंच्या वाट्याला पुढे दुसरेच आले. १९५० नंतरच्या दशकांत तराईतला हिवताप हटवण्यात आला आणि ज्या रानाकडे पहाडी माणूस फिरकत नसे तेथे त्याने जमिनी केल्या. थारूंपाशी कागद नव्हते. जमीन गेली, कर्ज झाले, आणि कर्जापोटी माणूस मालकाच्या घरी ‘कमैया’ म्हणून राबू लागला. दर वर्षी माघ महिन्याच्या पहिल्या दिवशी, माघीच्या सणाला, हे करार नवे होत. मालक सोडावयाचा तर ‘सौकी’, म्हणजे अंगावरचे कर्ज, दुसऱ्या मालकाने पहिल्याला चुकते करावे लागे. म्हणजे माणूस तसाच एका घरातून दुसऱ्या घरात जाई. बदले ते फक्त नाव. १७ जुलै २००० रोजी नेपाळ सरकारने ही पद्धत रद्द केली. आमच्या राखणदाराचा बाप कमैया होता. त्या दिवशी हा चौदा-पंधरा वर्षांचा होता. मालकाचे अंगण सुटले आणि राहावयाला जागाही सुटली, असे तो सांगतो. दोन वर्षांनी तो मुंबईच्या गाडीत बसला.

आता आपल्या पाटीकडे वळतो. अनुशयाचा एवढा विचार झालेल्या देशात ती आली कोठून? माझ्या समजुतीप्रमाणे ती दोन वाटांनी आली. एक वाट इंग्रजी कायद्याची. १८७२ च्या करार कायद्यात आणि मग १९३० च्या मालविक्री कायद्यात ‘घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत’ हे तत्त्व मुख्य मानले गेले. त्याला अपवाद पुष्कळ होते, वर्णनाबरहुकूम माल नसेल तर नाकारण्याचा हक्क होता; पण अपवाद वकिलाला ठाऊक आणि तत्त्व वाण्याला. दुसरी वाट ओळखीची. गावातला दुकानदार पाटी लावी खरा, पण पाटलाच्या घरून लुगडे परत आले तर तो ते मुकाट्याने घेई. आदिवासी पाड्यावरची बाई फाटके लुगडे घेऊन आली की तिला पाटीकडे बोट दाखवले जाई, आणि बहुधा तिला ती वाचता येत नसे. परत करण्याचा हक्क कायद्यात नव्हता असे नाही. तो माणसाच्या पतीत होता.

१८७७ साली टपालखात्याने व्ही. पी. सुरू केली तेव्हा ओळख हा प्रकारच व्यवहारातून निघाला. कलकत्त्याचे घड्याळ, कानपूरचे बूट, मुंबईचे पुस्तक खेड्यात येऊ लागले. पण पैसे मोजल्याशिवाय पोस्टमन पुडके हाती देत नसे, आणि हाती आल्याशिवाय ते फोडता येत नसे; फोडल्यावर पस्तावा झाला तर पोस्टमन पुढच्या गावी गेलेला. उलट बाजूचेही रडगाणे होतेच. मागणी नोंदवून माणसे व्ही. पी. नाकारीत आणि दोन्हीकडचे टपालहशील पाठवणाऱ्याच्या बोकांडी बसे. ‘कृपया व्ही. पी. परत करू नये’ अशी विनवणी मराठी मासिकांच्या चालकांनी किती वर्षे केली असेल, ते जुने अंक चाळणाऱ्यास सांगावयास नको. पार्सल दारात आल्यावर पैसे देण्याची पद्धत २०१० साली फ्लिपकार्टने आणली, तेव्हा लोकांना ती नवी वाटली. मला ती व्ही. पी. ची नात वाटली. फरक इतकाच की, नातीला परतीचा पत्ता ठाऊक होता.

तो परतीचा पत्ता आपोआप आलेला नाही. १९६६ साली मुंबईत नऊ गृहिणींनी मिळून ग्राहकांना मार्गदर्शन करणारी संस्था काढली, तेव्हा भेसळ आणि खोटे वजन हीच मुख्य गाऱ्हाणी होती. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढारपणाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७५ साली बिंदुमाधव जोशी आणि सुधीर फडके यांच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. हे दोघेही दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामातले. संग्रामातून आलेल्या माणसांनी पुढे साबण-तेलाच्या याद्या कराव्यात यात मला कमीपणा वाटत नाही, मोठेपण वाटते. दहा-पंधरा कुटुंबांनी एकत्र यावे, महिन्याची मागणी एकत्र द्यावी आणि घाऊक माल आपसात वाटून घ्यावा, अशी साधी रीत. एकट्या ग्राहकाला जी पत नव्हती ती संघाला आली. पुढे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला, त्याला २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली म्हणून तो दिवस आपण पाळतो. त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला. विकलेला सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यावयास नकार देणे ही आता अनुचित प्रथा ठरते. ऑनलाइन दुकानांसाठी २०२० चे नियम आहेत. तक्रार पोचल्याचे ४८ तासांत कळवावे आणि महिन्याभरात तिचा निकाल लावावा. ग्राहकाने दावा आपल्या राहत्या ठिकाणीच करावा, कंपनीच्या गावी हेलपाटे घालू नयेत, ही तरतूद मला सर्वांत शहाणपणाची वाटते. कौटिल्याने गुराख्याला पाच रात्री दिल्या, त्याच जातीचे हे शहाणपण.

एवढे सारे झाल्यावर भांडणे मिटावयास हवी होती. ती फाटकावर आली.

आमच्या इमारतीत माणसे पहाटेच्या लोकलने जातात ती रात्री नऊला परत येतात. पार्सले दिवसा येतात. म्हणून आलेले पार्सल ठेवावयाचे आणि परत जावयाचे पार्सल नेणाऱ्याच्या हवाली करावयाचे, हे काम कोणी न सांगता राखणदाराचे झाले. त्याबद्दल पगार वाढला नाही. २०२४ च्या दिवाळीपूर्वी तिसऱ्या मजल्यावरील एका गृहस्थांनी अठरा हजारांचा मोबाइल मागवला. त्याचा पडदा सदोष निघाला. त्यांनी परतीची नोंद केली आणि खोके चिकटपट्टी लावून खाली ठेवून ते कामावर गेले. दुपारी पोऱ्या आला आणि खोके घेऊन गेला. चार दिवसांनी कंपनीने कळवले की, खोक्यात निराळाच जुना मोबाइल निघाला, क्रमांक जुळत नाही, पैसे मिळणार नाहीत.

खोके चार हातांतून गेले होते. गृहस्थांच्या, राखणदाराच्या, पोऱ्याच्या आणि गोदामातल्या कोणाच्या तरी. संशय मात्र सरळ फाटकापाशी आला; पाणी उताराला जावे तसा. इमारतीच्या कमिटीने ठरवले की, दर महिन्याला दोन हजार रुपये पगारातून कापावेत. तेव्हा राखणदाराने आपली वही आणली.

ती वही त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेली होती. प्रत्येक पार्सलाची नोंद, घराचा क्रमांक, वेळ, नेणाऱ्याची सही आणि मोबाइल क्रमांक. भाषा नेपाळी, लिपी आपलीच. त्या दिवसाच्या ओळीत ‘सील ठीक छ’ असे लिहिलेले, पुढे पोऱ्याची सही, आणि आरंभी तारीख ‘२०८१ कात्तिक ७’. चिटणिसांनी ती मोठ्याने वाचली. “२०८१! अजून छप्पन्न-सत्तावन्न वर्षे आहेत की!” सभेत हशा झाला. हसणाऱ्यांत आमचे गुजराती शेजारीही होते, ज्यांच्या घरी त्याच आठवड्यात चोपडापूजन होऊन विक्रम संवत् २०८१ लागणार होता. मी उभा राहून सांगितले की, नेपाळात सरकारी कामकाज विक्रम संवतातच चालते. त्यांचे वर्ष वैशाखात, एप्रिलच्या मध्याला, बदलते. आणि २०८१ च्या कात्तिकाची सातवी म्हणजे २३ ऑक्टोबर २०२४. म्हणजे तीच तारीख.

येथे एक अवांतर गोष्ट सांगतो. स्टेशनच्या पलीकडे सोपाऱ्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून जे टेकाड होते, ते १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणले आणि आतला स्तूप उजेडात आणला. हे भगवानलाल डॉ. भाऊ दाजी लाडांच्या वतीने आधी नेपाळात हिंडून आले होते. तेथल्या शिलालेखांचे त्यांनी घेतलेले ठसे ब्यूलरसाहेबांच्या साहाय्याने १८८० साली प्रसिद्ध झाले. नेपाळचे लिखाण वाचून त्यावरून तारखा लावण्याचा उद्योग आमच्या गावाशी असा जुना जोडलेला आहे. कमिटीला हे सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून येथे सांगितले.

गृहस्थ समजूतदार निघाले. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक त्यांनी लावला. वहीतल्या पानाचे छायाचित्र आणि त्याचे मी केलेले मराठी भाषांतर तक्रारीला जोडले. मुद्दा साधा होता : खोके नेताना आतला क्रमांक पडताळून पाहणे हे पोऱ्याचे काम; त्याने पडताळून घेतले म्हणूनच सही केली; त्यानंतर काय झाले याचा जाब आमच्या फाटकाला का? साधारण तीन आठवड्यांनी अठरा हजार रुपये परत आले. गृहस्थांनी राखणदाराला मिठाईचा पुडा दिला.

नोव्हेंबरच्या पगारातून कापलेले दोन हजार मात्र आले नाहीत. मी विचारले तेव्हा चिटणीस म्हणाले, महिन्याचा हिशेब बंद झाला आहे, एकदा कापलेली रक्कम परत देण्याची आपल्याकडे प्रथा नाही. पुढच्या सभेत मी तो विषय मांडू म्हटले तर तो विषयपत्रिकेवर आला नाही. वाण्याची ती जुनी पाटी आता दुकानात दिसत नाही. ती कोठे गेली ते मला त्या दिवशी समजले.

हे दोन हजार रुपये ज्या गावात घडले तेथे आणखी मोठी खरेदी बुडाल्याचे मी पाहिले आहे. आचोळ्याच्या हद्दीत, सांडपाणी प्रकल्प आणि कचरा डेपो यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात महापालिकेने त्या पाडल्या. सातशे रुपयांचा सदरा परत घ्यावयास घरी माणूस येतो. आयुष्याची कमाई घातलेल्या त्या खोल्या परत घ्यावयास कोणी आले नाही. सामान रस्त्यावर काढलेल्या एका बाईने मला विचारले, “सर, ह्याची तक्रार कुठल्या नंबरावर करायची?” तिच्या हातात मोबाइल होता आणि १९१५ तिला पाठ होता.

राखणदार माघीसाठी जानेवारी २०२५ मध्ये गावी गेला आणि महिन्याने परत आला. त्याची मुलगी धनगढीला कॉलेजात आहे. तिने मोबाइलवरून थंडीचे जाकीट मागवले, ते आखूड झाले, तिने परत पाठवले आणि पैसे आले. ही हकीकत त्याने मला दोनदा सांगितली. परदेशी गेलेल्यांनी पाठवलेला पैसा नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चतुर्थांशाइतका आहे. ते जाकीट आमच्या फाटकावरच्या पगारातले होते. तेथेही २०१८ साली ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा झाला आणि २०२५ साली ऑनलाइन व्यापाराचा स्वतंत्र कायदा आला. मुलीला कायद्याचे नाव ठाऊक होते. तिच्या आजाला, माघीच्या ह्याच सणाला, सौकीच्या हिशेबात ह्या अंगणातून त्या अंगणात पाठवीत असत. बाप हे जाकीट परत गेल्याचे सांगताना हसत होता, आणि आजाचे सांगताना त्याने फाटकाची कडी उगाचच दोनदा लावून पाहिली.

मग त्याने विचारले, तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांसाठी लिहिलेत तसे पत्र माझ्या दोन हजारांसाठी होईल का? मी त्याला समजावले की, ग्राहकाच्या कायद्यात तो बसत नाही; त्याने काही विकत घेतलेले नाही. हा पगाराचा प्रश्न, त्याचा कायदा निराळा, कचेरीही निराळी. तो थोडा वेळ गप्प राहिला. “वहां भी कापी चलेगी?” चालेल, मी म्हटले. अर्ज मी मराठीत लिहून दिला, वहीचे पान जोडले आणि तारखेची जागा मोकळी ठेवली. ती त्याने स्वतः भरली : २०८२ असोज ५. कचेरीतल्या बाबूसाठी मी खाली कंसात २१ सप्टेंबर २०२५ असे लिहिले.